हबीबमिस्त्रींचा मेखकश

आपल्या घरात, आपल्या भिंतीतला खिळा आपण उपटत असताना शेजारच्या माणसानं न विचारता आत यावं, आपल्या हातातली हातोडी काढून घ्यावी आणि आपल्याच बायकोसमोर "तुम्हाला हात कोणी दिले?" असं विचारावं, हे कोणत्या सभ्यतेत बसतं ते मला आजवर कळलेलं नाही. हबीबमिस्त्रींची आणि माझी ओळख अशी झाली.

पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं होऊन गेली होती. मी गंगापूरकडून बदली होऊन औरंगाबादेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला आलो होतो. जुन्या शहरात एका वकीलसाहेबांच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेलो, तो वाकडा शिरला, म्हणून हातोडीच्या मागच्या फटीत धरून उपटायला लागलो. खिळा किर्र वाजला. तेवढ्या आवाजावर हा माणूस धावत आला होता. उंच, वाळका, डोक्यावर काळी टोपी, तोंडात पान आणि डोळ्यांत असा संताप की मला वाटलं, मी कोणाचा तरी खून करतोय.

"खिळ्याची काय खता? काय गुन्हा त्याचा?" ते म्हणाले. "वाकडा मारला तुम्ही, अन् मान त्याची मुरगळू राहिले?"

मी काही बोलायच्या आत ते घरी जाऊन फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. कोपरापासून तळहातापर्यंत लांब अशी लोखंडी कांब. एका टोकाला खिळ्याचं डोकं पकडणारी फट आणि तिच्याखाली रुंद, गोलसर टाच. टाचेला चामडं चिकटवलेलं. "मेखकश," त्यांनी नाव सांगितलं, जसं कोणी मोठ्या घरच्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं. मग फट खिळ्याला लावली, दांडी हलकेच खाली दाबली, आणि तो वाकडा खिळा आवाज न करता बाहेर आला. पानाच्या चुन्याची डबी काढून त्यांनी बोटभर चुना भोकात भरला आणि आमच्याच चमच्याच्या पाठीनं घोटला. मला म्हणाले, "डोळे मिटा. बोट फिरवा. सांगा कुठं होता."

मी डोळे मिटून भिंतीवर बोट फिरवलं आणि चांगलं वीतभर दूर दाखवलं. मिस्त्रींचा राग अर्धा मिनिट पार मावळला. मग त्यांची नजर माझ्या हातोडीवर गेली आणि तो पुन्हा उफाळून आला.

हा मेखकश त्यांच्या आयुष्याचं काम होतं. पोटापुरती सुतारकी ते करत. दारं, पलंग, शाळेची बाकं असलं काहीही. पण जीव होता तो खिळे काढण्याच्या या अवजारात. खिळा ठोकणं कोणालाही येतं, काढणं येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. हातोडीनं काढताना खिळा सुरुवातीला सरळ वर येतो. अर्धा आला की हातोडी मागं कलते आणि त्याला तिरपा ओढते. मग खिळा वाकतो, भोक फाटतं आणि हातोडीची पाठ रुतून लाकडाला खड्डा पडतो. जंबूर म्हणून सुतारांची एक पकड असते, तिनंही तेच. या सगळ्याला मिस्त्री एकच शब्द वापरत, "बेअदबी!"

त्यांनी टाचेला तीन पायऱ्या केल्या होत्या. खिळा थोडा वर आला की टाच एक पायरी वर सरकवायची, म्हणजे ओढ शेवटपर्यंत सरळ राहते. टाच रुंद, म्हणजे भार एका जागी पडत नाही. चामडं जुन्या चपलेचं, कारण नवं कडक असतं. पोलाद मोटारीच्या कमानीचं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात आमच्या ओसरीवर खडूनं काढून दाखवलं. खडू शाळेचा. मी आणलेला. तो त्यांनी परत केला नाही, आणि पुढं सतरा वर्षं माझ्या खिशातले खडू हा त्यांचा हक्कच झाला.

आता ज्या प्रसंगाबद्दल मी त्यांना कधीही माफ केलेलं नाही, तो सांगतो. शाळेची मोडकी बाकं दुरुस्त करायला मिस्त्री आले होते आणि वर्गाच्या मागच्या भिंतीशी बसून काम करत होते. मी फळ्यावर तरफ शिकवत होतो. एक आडवी दांडी, खाली त्रिकोण, इकडे भार, तिकडे बल. मागून आवाज आला, "मास्तर, हा तिकोन एकाच जाग्यावर काहून बसलाय?"

"तो टेकू आहे," मी म्हणालो. "टेकू स्थिर असतो."

"मग खिळा वाकणार."

वर्ग हसला. मी पुस्तक उघडून दाखवलं. मिस्त्रींनी चष्मा लावून चित्र पाहिलं, पुस्तक उलटंही करून पाहिलं आणि म्हणाले, "ज्यानं हे लिवलं, त्यानं जिंदगीत एक तरी खिळा काढलाय का?" मग त्यांनी बाकाचा एक खिळा काढून दाखवला, टाच सरकवत, पायरी पायरीनं, आणि चाळीस मुलं फळ्याकडं पाठ करून ते बघत बसली. मुख्याध्यापक दारात येऊन उभे होते. त्यांनी मला नंतर अत्यंत गोड आवाजात विचारलं, की नवे विज्ञान शिक्षक कधी रुजू झाले? त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत मुलं मला 'टेकूसर' म्हणत. यात माझी काय खता होती?

बरं, एवढं हुनर असलेल्या माणसानं त्याचं चीज तरी करावं! तेही नाही. स्टेशनकडच्या भागातला एक छोटा कारखानदार एकदा मेखकश बघायला आला. मीच आणला होता, चार ठिकाणी शब्द टाकून. त्याला अवजार पसंत पडलं. दोन महिन्यांनी तो नमुना घेऊन आला. ओतीव लोखंडाचा, टाच एकसंध, पायऱ्या नाहीत, चामडं नाही. म्हणाला, "मिस्त्री, एवढं कोण बघतंय?"

मिस्त्रींनी त्याला चहा पाजला. फळीत खिळा मारला. त्याच्याच नमुन्यानं काढला. फळीला चिंचोक्याएवढा खड्डा पडला. मग त्यांनी त्या गृहस्थाचं बोट धरून त्या खड्ड्यात ठेवलं. "हे काय हाय? जखम हाय ही! एवढी जखम करून तुमी विचारता कोण बघतंय? लकडी बघती हाय!" गृहस्थ टोपी विसरून गेले. नमुना मिस्त्रींनी ठेवून घेतला आणि त्याला शेजाऱ्यांची बकरी बांधायला लागले. तेवढीच त्याची लायकी, म्हणाले.

मी भांडलो. अहो, प्रत्येक सुताराच्या पिशवीत तुमचं अवजार गेलं असतं, तुमचं नाव झालं असतं! तर म्हणे, "नाव माझं अन् खड्डा पन माझ्याच नावानं. नको." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या हे लक्षातही आलं नाही, कारण ते दांडीची लांबी बोटभर कमी करण्यात गुंतले होते.

आमच्या त्या भागात बिऱ्हाडं सारखी बदलायची. कारकून, पोस्टमास्तर, सरकारी माणसं. राज्याची वाटणी झाली तशा कचेऱ्या इकडच्या तिकडं गेल्या आणि मग तर दर महिन्याला कोणाचा तरी छकडा दारात उभा. कोणी घर सोडणार असं कळलं की मिस्त्री मेखकश घेऊन हजर. त्यांना बोलवावं लागत नसे. फळ्या, खुंट्या, तसबिरींचे खिळे सगळे काढून, भोकं बुजवून, ते घर पहिल्यासारखं करून देत. "लोक घरात येताना मला कोणी पुसत नाय," ते कुरकुरत. "जाताना मात्र मिस्त्री."

पण एक गोष्ट मला खटकायची. दर घरात ते एक खिळा विसरत. दाराच्या उजव्या हाताला, डोक्याच्या जरा वर. मागून घरमालक बोंबलत यायचे. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, वय झालं. एक खिळा राहतो तुमचा." तर फाडकन म्हणाले, "नजर गेली माझी. तुमी काढा." जो माणूस केसाएवढा खड्डा बोटानं ओळखतो, त्याला समोरचा खिळा दिसत नाही? मी विज्ञानाचा शिक्षक. निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष मुलांना रोज घोकायला लावणारा. मला हे तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं.

मग आमची जायची वेळ आली. गारखेड्याला जागा घेऊन आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीची तारीख ठरली. अडचण एकच होती, आमचे वकीलसाहेब. घर देताना त्यांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. भिंती आठ, खिडक्या दोन, खिळे शून्य. घर परत करताना तसंच पाहिजे. त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत होती आणि तो कागद त्यांनी सतरा वर्षं जपून ठेवला होता. आमच्या भिंतींत तेव्हा चाळीसच्या वर खिळे होते.

मी मिस्त्रींकडं गेलो. ते म्हणाले, "बघतो."

आठवडा गेला. मिस्त्री आलेच नाहीत. विचारलं तर चामडं खराब झालंय. नवं चामडं मिळालं तर म्हणे लोहार जालन्याला गेलाय. लोहार आला तर दांडीचं माप चुकलंय. "तुमचे खिळे तुमीच मारलेले. समदे तिरपे. त्याला तोंड येगळं लागतं." ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो अशा माणसांच्या घरी हा माणूस न बोलवता जायचा, आणि आमच्यासाठी त्याला तोंड वेगळं लागत होतं! सतरा वर्षांचा शेजार. त्यांची मुलगी फर्दापूरला दिलेली, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून दर सणाला माझी बायको त्यांना ताट पाठवायची. ईदेला त्यांचा शिरखुर्मा आधी आमच्याकडं यायचा. आणि ऐन वेळी हे! मला भयंकर राग आला.

तारखेला चार दिवस उरले तेव्हा मी हातोडी उचलली. पहिलाच खिळा किर्र वाजला आणि त्याच्याबरोबर बशीएवढा गिलावा खाली आला.

"बेअदबी!"

मिस्त्री दारात उभे होते. मेखकश हातात होता. चामडं जुनंच होतं, दांडी जुनीच होती, तोंडही जुनंच होतं. मी काही म्हणणार तोवर त्यांनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि कामाला लागले. दुपारपर्यंत तेच चाललं. एकेक खिळा काढायचे, बघायचे, फडक्यात ठेवायचे. बायकोनं दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा निवून गेला. मी पाडलेला गिलावाही त्यांनी चुन्यानं भरून घोटला, पण काम संपल्यावर डोळे मिटा, बोट फिरवा, हेही म्हणाले नाहीत. फडकं गुंडाळलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब कागद घेऊन आले. भिंती आठ, बरोबर. खिडक्या दोन, बरोबर. मग त्यांनी छडीनं दाराच्या उजव्या बाजूला दाखवलं. "मास्तर, हे काय?"

एक खिळा. सरळ, मजबूत आणि नवा कोरा. आमचा तो नव्हताच! जिथं आम्ही सतरा वर्षांत कधी खिळा मारला नव्हता, तिथं या माणसानं जाता जाता मारून ठेवला होता. वकीलसाहेब मला सचोटीवर दहा मिनिटं बोलले. मी मान खाली घालून ऐकलं आणि ते गेल्याबरोबर तडक मिस्त्रींच्या घरात शिरलो. न विचारता.

"ही काय थट्टा आहे, मिस्त्री? चाळीस काढलेत आणि एक ठोकलात? माझी सही आहे त्या कागदावर!"

मिस्त्री मेखकशाला तेल लावत होते. वर न बघता म्हणाले, "मास्तर, ते घर माझ्या भावाचं होतं."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"तुमच्या आधी. भाईजान कचेरीत कारकून. पोलीस ॲक्शन झाली, नोकरी गेली, भाईजान पोराबाळाला घेऊन हैदराबादला गेले. तवा वकीलसाहेबांचे अब्बा होते. घर साफ पायजे म्हणले. मी मेखकश नवाच केला होता. पयला हात त्याच घरात. समदे खिळे काढले. दाराच्या उजव्या अंगाचा बी काढला. त्याला भाईजान टोपी टांगायचे, कचेरीतून आले की. बघायचे नायत. हात आपोआप जायचा."

त्यांनी तेलाचं बोट फडक्याला पुसलं.

"चार-पाच सालानं भाईजान आले. एका दिसासाठी. घर रिकामंच होतं, म्हणले, दाखव. आत आले, टोपी काढली, अन् तसाच हात वर केला. टोपी खाली पडली. मग भिंतीवर हात फिरवू लागले. 'यहीं था ना, हबीब?' इथं बघ, तिथं बघ. अन् मी, मास्तर... मी हासलो. मला लई फुशारकी वाटली. मी म्हणलो, ढूंढो भाईजान, ढूंढो! नहीं मिलेगा! ऐसा काम किया मैं!"

"मग?"

"भाईजान म्हणले, 'हौ. बहुत साफ काम किया तू.' टोपी उचलली, झटकली. चाय बी पिले नायत. सांजच्या गाडीनं गेले. परत आले नायत. पुढं इंतकालाचं खत आलं, भाईजान वारल्याचं." मिस्त्रींचा आवाज चढला. स्वतःवरच ओरडत होते ते. "माझा भाऊ त्याचं घर हुडकू राहिला होता, अन् मी त्याला माझं हुनर दाखवू राहिलो होतो! बेअदबी म्हंजे ही!"

 माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. इतकी वर्षं या माणसाला मी विसराळू म्हणत आलो होतो आणि तो प्रत्येक जाणाऱ्यासाठी परत यायची एक जागा ठेवत आला होता. मला माझी भयंकर लाज वाटली.

मी वकीलसाहेबांकडं गेलो. त्यांचा कागद मागून घेतला, 'शून्य' खोडलं आणि लिहिलं, 'खिळे एक. हा खिळा माझा आहे. कोणी काढू नये.' खाली सही केली. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. सतरा वर्षांचा चांगला भाडेकरू शेवटी बिघडला, असं त्यांना वाटलं असणार.

वास्तुशांतीला मिस्त्री आले नाहीत. बायकोनं तीनदा निरोप धाडला होता. मी पुन्हा चिडलो, पण घराच्या दाराशी उजव्या हाताला, डोक्याच्या जरा वर, एक खिळा मारून ठेवला. बायकोनं त्याला एकदा पिशवी अडकवली, तर मी तिच्यावर ओरडलो.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी ते आले. चालत आले होते, एवढ्या लांब. दारातच थांबून त्यांनी चौकटीला शिव्या घातल्या. कोण सुतार, कोणत्या गावचा, त्याला शिकवलं कोणी. तसेच बोलत बोलत आत आले, टोपी काढली, आणि न बघता त्यांचा हात वर गेला.

टोपी खिळ्याला लागली.

मिस्त्री भिंतीकडं वळले.  मग खिळ्याला बोट लावलं.

"कोणी ठोकला?"

"मी."

"तिरपा हाय."

त्यांनी पिशवीतून मेखकश काढला. टोपी बायकोच्या हातात दिली. टाच लावली, पायरी सरकवली, आणि खिळा आवाज न करता बाहेर आला. बायकोचा चेहरा पडला. मिस्त्रींनी माझी हातोडी मागितली, तो खिळा फरशीवर ठेवून ठोकून सरळ केला, आणि त्याच भोकात, आता अगदी सरळ, पुन्हा ठोकला. टोपी परत टांगली. मग खाली बसून दोन कप चहा प्यायले आणि खिडक्यांपासून पायरीपर्यंत आमच्या घरातली एकेक चूक मला सांगितली. मी सगळ्या ऐकून घेतल्या.

निघाले ते उघड्या डोक्यानंच. फाटकापर्यंत पोचले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहो मिस्त्री, टोपी राहिली!"

ते वळले. मी वर्गात मोठी चूक केल्यासारखं माझ्याकडं रागानं बघत म्हणाले, "राहू द्या तिथंच. मोकळा खिळा बरा दिसत नाय."